उंबऱ्यावरचं समन्स

राम कृष्ण हरी! म्हणा की! अहो, मोठ्यानं म्हणा! देवळात आलात, दवाखान्यात नाही. राम कृष्ण हरी! हं. आता जरा गाव जागं झालं.

मंडळी, ऐका. आज मी फार काही विचारणार नाही. एकच प्रश्न आहे. माणसाला दोन बोलावणी येतात. एक जेवायचं, एक बोलायचं. जेवायला या, पान वाढलंय. आणि, बोलायला या, तुमच्या शब्दावाचून कुणाचं तरी अडलंय. तर यातलं मोठं बोलावणं कुठलं?

काय? बोलायचं! अगदी बरोबर. पुढच्या रांगेतल्या आजींनी बरोबर सांगितलं. उत्तर सगळ्यांना येतं हो! उत्तराचं कधीच अडत नाही! दुपारी तुमचे सरपंच मला म्हणाले, ‘‘बुवा, महाप्रसादाला गाव चूलबंद आहे.’’ चूलबंद म्हणजे शहरातल्या पाहुण्यांना सांगतो – घरटी एक माणूस नाही, तर अख्खं घर जेवायला. घरात चूल पेटवायचीच नाही! मग मंडळी, चूलबंद गावाचा निम्मा मंडप रिकामा कसा? कीर्तन बोलायचं, प्रसाद जेवायचा! आमटीला फोडणी पडली की मागून गर्दी कशी येते बघा. आत्ताच तिकडं नाकं वळलीत! अप्पा, पेटी जरा हळू, वास ऐकू येईना लोकांना!

असो. चिडत नाही. घरून निघताना बायकोला शब्द देऊन आलोय, आज चिडणार नाही म्हणून.

तर आख्यानाचा विषय एक शब्द आहे. समन्स! दचकलात? नुसता शब्द ऐकून चौघांनी पाय पोटाशी घेतले. कोर्टाचं बोलावणं! आमच्या आजोळी म्हणायचे ‘समन’. अमक्याला समन आलं, असं म्हणताना चेहरा असा करायचे की बारावा-तेरावा जणू आजच आहे. आता एक शहाणे मला परवा भेटले. म्हणाले, ‘‘बुवा, तो शब्द मुळात आपलाच. संस्कृतात शमन म्हणजे यम. यमाचं बोलावणं, तेच समन!’’ फोनवर आलं होतं म्हणे त्यांच्या. अहो, शमन हे यमाचं नाव आहे, खरं आहे. पण म्हणून कोर्टाचा कागद रेड्यावर बसून आला का? कानाला सारखं लागलं की सोयरीक जुळवायची, ही काय रीत झाली! शब्द आपला नाही. कुठला आहे, त्याच्या पोटात काय आहे, ते मी सांगणार आहे. पण आत्ता नाही. आधी सांगितलं तर तुम्ही उठून पंगतीला जाल.

तर ऐका. साताऱ्याकडचं एक गाव, पिंपळसोंड. तिथं एक केरबा गुरव. देवळाची पूजा, पत्रावळी लावणं, आणि गावातल्या प्रत्येक लग्नाचं आवतण देणं हे त्याचं काम. आवतण म्हणजे आमंत्रण. हातात ताटली, ताटलीत अक्षता. दारोदार उभा राहायचा आणि हाळी द्यायचा – ‘‘अमक्याच्या घरी लगीन हाय होऽऽ! चूलबंद आवतण हाय होऽऽ!’’ आवाज असा, की रानात पाणी पाजणारा माणूस तिथूनच ‘आलो’ म्हणायचा! आणि घराला कुलूप असलं तर? तर केरबा उंबऱ्यावर चिमूटभर अक्षता ठेवायचा आणि शेजारणीला सांगायचा, ‘‘आवतण पोचलं बरं का! आता मागनं मला ठावं नव्हतं म्हनायचं न्हाई!’’

हे वाक्य लक्षात ठेवा. पदरच्या गाठीला बांधून ठेवा. बांधलं? बरं.

आता त्याच गावची अनुसया. गाव तिला अनुसा म्हणायचं. गरिबाघरची, हसरी. तिचं लग्न झालं सर्जेरावाशी. सर्जेराव कोण? सोसायटीच्या चेअरमनचा थोरला मुलगा. गावातच लग्न, देवळापुढं मांडव, बुंदीचं जेवण. आवतण कुणी दिलं? केरबानं. चूलबंद! गाव जेवलं. जेवून वर बुंदी पदरात बांधून नेली, तेही मला ठाऊक आहे. पुढं मुलगी झाली. आणि सर्जेराव नोकरीला म्हणून शहरात गेला, तिथं त्यानं दुसरा संसार मांडला. अनुसा गेली विचारायला, तर दारातूनच म्हणाला, ‘‘तू कोण? आपलं लग्न ठरलं होतं, पण मोडलं. लग्न झालंच नाही!’’

अहो, झालंच नाही! पोर कडेवर आणि म्हणे लग्न झालंच नाही!

फोटो? फोटोवाला चेअरमनच्या नात्यातला. त्याचे फोटो कुठं गेले ते देवाला माहीत. लग्न लावणारे भटजी वारले होते. अनुसा घरोघर फिरली. ‘‘मामा, तुमी जेवला व्हता माझ्या लग्नात. कोर्टात येऊन येवढंच सांगा.’’ मामा म्हणाले, ‘‘जेवलो व्हतो खरा... पर कुनाच्या लग्नात ते आता नीट आठवंना.’’ काकू म्हणाल्या, ‘‘आमच्या ह्यांना इचारते.’’ हे म्हणाले, ‘‘हिला इचारतो.’’ मंडळी, बुंदीत लवंग होती का वेलदोडा, हे आठवतं त्यांना! नवरी आठवत नाही!

कारण एकच. चेअरमनशी वाकडं कोण घेणार?

तरी बाई कोर्टात गेली. तिचं मागणं काय होतं? ऐका नीट. मी याची लग्नाची बायको आहे, एवढं कोर्टानं म्हणावं. बस्स! कारण शाळेच्या दारात पोरीला पोरं विचारायला लागली होती, तुझा बाप कोण म्हणून. वकिलांनी विचारलं, साक्षीदार कोण? अनुसानं एकच नाव दिलं. केरबा बाळू गुरव. आणि कोर्टातून केरबाच्या नावानं निघालं – समन्स!

आता बेलीफ यायच्या आधी बातमी येते, हे तुम्हाला सांगायला नको. पिंपळसोंडेत एक दिनकर होता. इंग्रजी शाळेत अकरावीपर्यंत जाऊन आलेला, म्हणून गाव त्याला ‘बॅरिस्टर’ म्हणायचं. दिवसभर चेअरमनच्या ओट्यावर बसून असायचा. तो तालुक्याला जाऊन आला आणि केरबाला पारावर गाठून म्हणाला, ‘‘अण्णा, तुझ्या नावानं समन्स निघालंय.’’

केरबा म्हणाला, ‘‘समन? मला? मी काय केलं?’’

‘‘समन न्हवं! समन्स! इंग्रजी यायला पायजे रं. टेबल म्हंजी एक, टेबल्स म्हंजी लई. तसं समन म्हंजी एक, समन्स म्हंजी लई! पाच-धा केसी असतील तुझ्यावर. कोर्टात गेलास की हातात बेड्या. मी तुझ्या जागी असतो तर घरात सापडलोच नसतो.’’

काय हे व्याकरण! हसू नका! हसताय काय? तुमच्यातले किती जण अशा बॅरिस्टरांच्या ओट्यावर बसतात ते मला ठाऊक नाही का? घरात शिकलेली सून असते, तिला नाही विचारायचं. पारावरच्या रिकामटेकड्याला विचारायचं!

बिचारा केरबा! आयुष्यभर दुसऱ्याला हाका मारल्या, आणि स्वतःला हाक आली तेव्हा माळ्यावर जाऊन बसला! शब्दशः माळ्यावर. सरपणाच्या मागं. बायकोला, हौसाबाईला सांगून ठेवलं, ‘‘कुनी आलं तर मी गावाला गेलोय म्हनून सांग.’’

आला बेलीफ. वयस्क माणूस, फटफटीवरून धुळीनं भरून आलेला. दारात उभा राहून म्हणाला, ‘‘केरबा बाळू गुरव इथंच राहतात का?’’

हौसाबाई तोंड उघडायच्या आत माळ्यावरून आवाज आला – ‘‘न्हाई!’’

आता सांगा! देवानं तो आवाज दिला होता रानापर्यंत पोचायला. तो सरपणामागं लपतोय होय?

बेलीफ म्हणाला, ‘‘कोण बोललं?’’

हौसाबाई म्हणाली, ‘‘मांजर.’’

‘‘बाई, मांजर ‘न्हाई’ म्हणतं?’’

‘‘आमचं म्हनतं.’’

बेलीफ हसला. त्याला असली मांजरं रोज भेटत असतील. म्हणाला, ‘‘बरं. माणूस घरात नाही ना? मग हे मी दाराला डकवतो. शेजारच्या दोघांना दाखवतो, त्यांच्या सह्या घेतो. दाराला लावलं की पोचलं. आता मागनं ठाऊक नव्हतं म्हणायचं नाही.’’

मंडळी! सोडा ती पदराची गाठ! आठवलं का वाक्य? माळ्यावर केरबाच्या अंगावर काटा आला. हे तर त्याचंच! उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या की आवतण पोचलं, हा कायदा त्यानंच गावाला शिकवलेला. तोच कायदा गोंद लावून त्याच्या दाराला चिकटला होता.

मग उतरला का खाली? गेला का कोर्टात? मंडळी, कळणं आणि उठणं यात मोठी नदी असते. नाही गेला! तारखेच्या दिवशी डोकं दुखतंय म्हणून वाकळ ओढून पडला. डोक्यात तो ‘स’ फिरत होता. लई समनं! लई केसी!

आणि तिकडं तालुक्याला काय झालं? कोर्टाचा पट्टेवाला व्हरांड्यात आला आणि पुकारा केला – ‘‘केरबा बाळू गुरव हाजिर होऽऽ!’’ एकदा. दोनदा. तीनदा. व्हरांड्यात माणसं पान थुंकत होती, चहा येत होता, जात होता. ओ कुणीच दिली नाही. पुढची तारीख पडली.

अप्पा, धरा सूर. ही ओळ कुणा संताची नाही, माझीच आहे. तेव्हा चाल तुम्हीच सांभाळा!

नाव तुझें घेतलें रे दारीं,
एकदां तरी ओ दे, ओ दे!

टाळ्या कुठं आहेत? हात घरी ठेवून आलात? एकदां तरी ओ दे, ओ दे! हं. थांबा. आता मुख्य गोष्ट येतेय. ते मागचे, फोन बंद करा! कुणाचं बोलावणं आलंय एवढं? घ्या, तेवढ्याला मात्र लगेच ओ देतात!

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला केरबा ओसरीवर पत्रावळी लावत बसला होता. दारात अनुसा आली. केरबाला वाटलं, आता ही कडाडणार. आख्खं गाव गोळा करणार. शिव्याशाप देणार. तिनं द्यायलाच पाहिजे होत्या! मी असतो तर दिल्या असत्या!

ती आत आली नाही. उंबऱ्याशी वाकली आणि अगदी हळू म्हणाली, ‘‘अण्णा, काल कोर्टात तुमचं नाव पुकारलं. तीनदा. मी बाकावर बसले व्हते. दर बारीला दाराकडं बघितलं. मला वाटलं, अण्णांच्या कानावर गेलं नसंल. म्हनून सांगाय आले.’’

केरबाच्या हातातली काडी पानात गेली ती तिथंच राहिली.

अनुसा म्हणाली, ‘‘माझ्या लग्नाचं आवतण तुमी किती मोठ्यानं दिलंवतं अण्णा. आई म्हनायची, अनुसाचं लगीन वरच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं.’’ आणि पदर सावरून निघून गेली.

मंडळी, आता सांगतो त्या शब्दाच्या पोटात काय आहे. एका म्हाताऱ्या वकिलांनी मला जाड शब्दकोश काढून दाखवलंय. समन्स हा शब्द इंग्रजांनी आपल्याकडं आणला. पण तो त्यांचाही नाही. त्यांनी तो फ्रेंचांकडून उचलला, आणि फ्रेंचांकडं तो लॅटिनातून आला. लॅटिनात त्याचे दोन तुकडे. ‘सब’ म्हणजे खाली, खालच्या आवाजात, हळूच. आणि ‘मोनेरे’ म्हणजे आठवण करून देणं, सावध करणं. काय झाला अर्थ? हळूच, कानाशी येऊन आठवण करून देणं! बस्स! त्यात बेडी नाही, दंडुका नाही, यम नाही, रेडा नाही! ते शिक्के, ते पट्टेवाले वाटेत चिकटले. मुळात काय होतं? उंबऱ्याशी वाकलेली अनुसा! आणि तो शेवटचा ‘स’? तो अनेकवचनाचा नाहीच. तो फ्रेंचांपासूनच शब्दाला चिकटलेला आहे. एकच समन्स असतं, एकाच माणसाला, एकाच गोष्टीसाठी. आणि त्या एका ‘स’पायी एका बाईचा संसार टांगणीला लागला होता!

चिडू नको म्हणते बायको. कसं चिडू नको?

तर केरबा उठला. दाराचा कागद सोडवला आणि थेट गेला दिनकरकडं. म्हणाला, ‘‘ह्यात आरोपी कुठं लिवलंय, बोट लावून दाव.’’

दिनकरनं कागद उलटा केला, सुलटा केला. म्हणाला, ‘‘आरोपी... न्हाई दिसत.’’

‘‘मग काय लिवलंय?’’

‘‘साक्षीदार.’’

‘‘आन लई समनं?’’

‘‘अण्णा, ग्रामरपरमानं तसंच हाय!’’

बघा! माणूस बुडाला तरी चालेल, ग्रामर तरलं पाहिजे! केरबा घरी आला, हौसाबाईला म्हणाला, ‘‘ताटली काढ. अक्षता कर.’’

ती म्हणाली, ‘‘आता कुनाचं लगीन?’’

‘‘अनुसाचं.’’

पुढच्या तारखेच्या आदल्या दिवशी केरबा घरोघर गेला. त्याच आवाजात! ‘‘अनुसाच्या लग्नाला जेवला व्हता होऽऽ! त्याच लग्नाचं आवतण हाय होऽऽ! उद्या सकाळच्या यष्टीनं तालुक्याच्या कोर्टात! चूलबंद आवतण हाय होऽऽ!’’

काय झालं? दारं लागली. खिडक्या लागल्या. ज्यांनी बुंदी बांधून नेली त्यांच्या घरात एकदम सगळी आजारी पडली. केरबानं प्रत्येक उंबऱ्यावर अक्षता ठेवल्या. चेअरमनच्या उंबऱ्यावरसुद्धा! चेअरमनचा बाहेरचा सोपा माणसांनी भरलेला होता आणि सगळे बघत होते. पण ठेवल्या.

सकाळी एसटीच्या थांब्यावर कोण होतं? अनुसा. केरबा. हौसाबाई. बाकी अख्खं चूलबंद गाव कुठं? घरात! चूल पेटवून!

गाडी सुटणार, तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आली. भागूबाई. अनुसाला हळद लावणारी. मंडळी, भागूबाईला ऐकू येत नव्हतं. ठार बहिरी. केरबाची हाळी तिच्या कानापर्यंत गेलीच नाही. तिनं सकाळी दार उघडलं आणि उंबऱ्यावर अक्षता बघितल्या. आवतण पोचलं! आता ठाऊक नव्हतं म्हणायचं नाही! लुगडं बदललं आणि आली. ज्यांना कान होते ते आले नाहीत. जिला कान नव्हते ती आली. आता मी यावर काय बोलू? तुम्हीच सांगा, काय बोलू!

कोर्टात पुकारा झाला. ‘‘केरबा बाळू गुरव हाजिर होऽऽ!’’ पहिल्याच पुकाऱ्याला केरबानं ओ दिली. पण पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याचा आवाजच गेला. समोर चेअरमन बसलेला, सर्जेराव बसलेला, त्यांच्यामागं त्यांच्याच जीपमधून आलेला आपला बॅरिस्टर दिनकर! केरबाचे ओठ हलतायत, आवाज नाही. न्यायाधीश म्हणाले, ‘‘बाबा, मोठ्यानं बोला.’’

सर्जेरावाच्या वकिलानं विचारलं, ‘‘गुरव, तुम्ही आवतण दिलं, मान्य. पण ठरलेली लग्नं मोडतात. हे लग्न झालं कशावरून?’’

केरबानं अनुसाकडं बघितलं. ती दाराकडं बघत नव्हती आता. त्याच्याकडंच बघत होती. आणि मंडळी, केरबाला आवाज फुटला! आवतणाचा आवाज! बाहेर व्हरांड्यात चहावाला थांबला म्हणतात.

‘‘झालं! लगीन झालं! माझ्या डोळ्यादेखत झालं! नवरा-नवरीच्या मधला आंतरपाट धरला व्हता, त्येचं एक टोक माझ्या हातात व्हतं!’’

आता वकिलानं गप्प बसावं की नाही? पण नाही! म्हणाला, ‘‘असं? मग दुसरं टोक कुणाच्या हातात होतं?’’

केरबानं बोट केलं मागच्या बाकावर. ‘‘त्येच्या! त्या दिनकरच्या!’’

आलं का लक्षात, मंडळी? टेबल-टेबल्सचं व्याकरण त्याला तेव्हाच का आठवलं ते? ज्याच्या हातात दुसरं टोक होतं, त्यानंच पहिल्या टोकवाल्याला माळ्यावर चढवलं होतं! न्यायाधीशांनी मागं बघितलं. दिनकर दाराकडं सरकला होता. मग काय झालं? दिनकरच्या नावानं निघालं. काय निघालं? सांगा की! समन्स! एकच निघालं, पण ‘स’सकट!

आणि पुढच्या तारखेला दिनकर आला. ग्रामर घरी ठेवून आला. शपथेवर त्याला ‘होय, टोक माझ्या हातात होतं’ म्हणावं लागलं. कोर्टानं निकाल दिला, अनुसया ही सर्जेरावाची लग्नाची बायको आहे. ती त्याच्याकडं नांदायला गेली का? मुळीच नाही! निकालाच्या दिवशी पोरीला घेऊन ती केरबाच्या दारात आली, पोरीला म्हणाली, ‘‘आज्ज्यांच्या पाया पड. ह्यांनी तुझ्या बापाचं नाव सांगितलं.’’ केरबा रडला. म्हणाला, ‘‘पोरी, उशिरा सांगितलं गं.’’

आता आख्यान संपलं. पेटी थांबवा अप्पा.

मंडळी, तुम्ही हसलात. दिनकरला हसलात, मांजराला हसलात. बरं केलंत. आता मी विचारतो, तुमच्या गावात कुणी अनुसा नाही? कुणाच्या बांधाची, कुणाच्या मारहाणीची, कुणाच्या घरातून हाकलल्याची गोष्ट तुम्ही डोळ्यांनी बघितलीत आणि ‘आठवत नाही’ म्हणालात, असं इथं कुणीच नाही? नाही ना? मग माना खाली का गेल्या? मघाशी आमटीच्या वासाला वर झाल्या होत्या त्या!

देवाचं बोलावणं असंच येतं. ढोल वाजवून येत नाही. उंबऱ्याशी वाकतं आणि हळू म्हणतं, तुझ्या कानावर गेलं नसेल म्हणून सांगायला आले.

बरं, चला. पानं मांडलीत, मला कळतंय. उठा, पोटभर जेवा, मी अडवत नाही. फक्त मघाशी आरतीच्या ताटातल्या मूठभर अक्षता मी घेतल्यात, आणि त्या मी आता देवळाच्या उंबऱ्यावर ठेवतोय. ह्या बघा. ठेवल्या. पंगतीला जायची वाट ह्याच उंबऱ्यावरून आहे. ओलांडताना जरा खाली बघा.

आवतण पोचलं बरं का!